बारशाला येऊ का?

गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं बारसं होतं. घरातल्या घरात, तीसेक माणसं, रविवारचा दिवस. शुक्रवारी रात्री साताऱ्याहून मावशीचा फोन आला. "अगं, मंगळवारी अंगात ताप भरला, घसा धरला. काल ताप उतरला बघ. आता नुसता खोकला राहिलाय. येऊ ना मी? पाळणा मलाच म्हणायचाय."

मी हो म्हणता म्हणता थांबले.

त्याच आठवड्यात भाऊकाकांनी आपणहून कळवलं होतं की ते येणार नाहीत. त्यांचा सर्दी-ताप तीन आठवड्यांपूर्वी येऊन गेला होता, पण कोरडा खोकला मागे राहिला होता. "चार माणसांत ढास लागली की सगळे वळून बघतात, बाळंतीण तर घाबरूनच जाईल," ते म्हणाले. तिसरा होता चुलतबहिणीचा पाच वर्षांचा चिनू. तो ठणठणीत होता, म्हणून त्याच्याबद्दल कोणी काही विचारलंच नाही. बारशाच्या दिवशी तो सकाळपासून पाळण्याला लोंबकळत होता, बाळाचे पापे घेत होता. सोमवारी संध्याकाळी त्याला १०२ ताप चढला.

या तिघांत बाळाला सर्वांत कमी धोका होता तो भाऊकाकांपासून, आणि घरी बसणार होते तेच. सर्वांत जास्त धोका ज्याच्यापासून होता, तो बाळाच्या तोंडाशी तोंड लावून हसत होता.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. विषाणूंचा धडा दरवर्षी शिकवते. तरीही त्या रात्री मावशीला काय सांगायचं हे ठरवायला मला कागद घेऊन दिवस मोजत बसावं लागलं. श्वसनाच्या विषाणूची लागण झालेला माणूस दुसऱ्याला किती दिवस लागण देऊ शकतो, हा प्रश्न दिसतो साधा. अडचण अशी की आपण तो भलत्याच खुणांवरून सोडवतो: ताप उतरला का, खोकला थांबला का, रिपोर्ट निगेटिव्ह आला का. या तिन्ही खुणा खऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. विषाणू नाकातून किंवा घशातून आत येतो आणि तिथल्या अस्तराच्या पेशींत शिरतो. स्वतःहून वाढणं त्याला जमत नाही. पेशीची यंत्रणा ताब्यात घेऊन तो आपल्या प्रती काढून घेतो, त्या बाहेर पडून शेजारच्या पेशींत शिरतात आणि आकडा गुणाकाराने वाढत जातो. एकाचे शंभर, शंभराचे दहा हजार. हे पहिले एक-दोन दिवस तुम्हाला काहीच जाणवत नाही. मग शरीराला सुगावा लागतो. पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात, रक्तपुरवठा वाढतो, नाक गळू लागतं, घसा खवखवतो, अंग मोडून येतं, ताप येतो. ज्याला आपण आजार म्हणतो तो बराचसा आपल्या शरीराने पुकारलेला प्रतिकार असतो. म्हणजेच प्रतिकार दिसू लागतो तेव्हा विषाणूची वाढ आधीच जोरात चाललेली असते.

पुढच्या आठवड्याभरात प्रतिपिंडं तयार होतात. ती विषाणूंना चिकटून त्यांना निकामी करतात. मारेकरी पेशी लागण झालेल्या पेशी नष्ट करतात. जिवंत विषाणूंची संख्या घसरत जाते. घसरत जाते, एका रात्रीत शून्य होत नाही. 'सातव्या दिवशी सुटका' असं वाक्य आपण ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर दरवाजा येतो: आज बंद, उद्या उघडा. खरं तर तो घाटाचा उतार आहे. पाचव्या दिवशी आपण उताराच्या मध्यावर असतो, दहाव्या दिवशी बहुतेक सगळे पायथ्याशी पोचलेले असतात, आणि एखादा मागे रेंगाळलेला असतो.

टेस्ट नेमकं काय शोधते

हा उतार मोजायचा कसा? २०२० साली आपण सगळे आरटीपीसीआर हा शब्द शिकलो. ही तपासणी विषाणूची जनुकीय सामग्री शोधते. स्वॅबमध्ये तिचा तुकडा सापडला तर यंत्र त्याच्या प्रती काढत जातं, प्रत्येक फेरीत दुप्पट. कितव्या फेरीला तो यंत्राला दिसू लागला, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. वीसाव्या फेरीला दिसला तर मुळात माल भरपूर होता. तिसाव्या फेरीला दिसला तर त्याच्या हजाराव्या हिश्श्याइतकाच होता, कारण दहा वेळा दुप्पट म्हणजे १०२४ पट. भारतात ३५ हा आकडा पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा मानली गेली. हा आकडा स्वॅब किती नीट घेतला यावरही हलतो, म्हणून सीटी व्हॅल्यू हातात धरून आजाराचं भविष्य सांगणं चूक होतं. त्या काळात घरोघरी ते चाललं होतं.

पण मूळ मुद्दा वेगळा आहे. ही तपासणी तुकडा शोधते. तो तुकडा जिवंत विषाणूच्या पोटातला आहे की मेलेल्या विषाणूचा सांगाडा आहे, हे तिला कळत नाही. गावची जत्रा उठली की दुसऱ्या दिवशी मैदानात नारळाच्या शेंड्या, फुटक्या बांगड्या, रेवड्यांचे कागद पडलेले असतात. त्यावरून इथे जत्रा भरली होती हे नक्की सांगता येतं. पण तो कचरा बघून कोणी पाळण्यात बसायला रांग लावत नाही. नाकातला हा कचरा साफ व्हायला काही जणांना कित्येक आठवडे लागतात.

जिवंत विषाणू आहे का हे पाहायचं तर तो वाढवून पाहावा लागतो. स्वॅबमधला द्रव प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या थरावर टाकतात. आफ्रिकेतल्या एका माकडाच्या मूत्रपिंडापासून १९६२ साली जपानमध्ये तयार केलेल्या 'व्हेरो' पेशी यासाठी जगभर वापरतात. काही दिवसांत पेशी मरू लागल्या तर द्रवात जिवंत विषाणू होता. धोकादायक विषाणूंसाठी हे काम कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच करता येतं. आपल्याकडे पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, मार्च २०२० मध्ये नवा कोरोना विषाणू असाच वाढवून वेगळा केला गेला. प्रत्येक रुग्णासाठी हे करणं शक्य नाही. म्हणून लागण किती दिवस होते याचं उत्तर थोड्या लोकांवर बारकाईने केलेल्या अभ्यासांतून काढावं लागतं.

असा पहिला महत्त्वाचा अभ्यास म्युनिकमधून आला. जानेवारी २०२० च्या अखेरीस तिथल्या मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काही जणांना लागण झाली. त्यांतल्या नऊ रुग्णांचे नमुने रोजच्या रोज घेतले गेले. लक्षणं सुरू झाल्यापासून आठव्या दिवसानंतरच्या एकाही नमुन्यातून जिवंत विषाणू वाढला नाही. आरटीपीसीआर मात्र पुढेही पॉझिटिव्हच येत राहिली. रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे म्हणजे माणूस लागण देतोच असं नाही, हे त्या नऊ जणांनी दाखवलं.

या एका गोष्टीचा आपल्या आयुष्याशी किती जवळचा संबंध आला ते आठवून पाहा. महाराष्ट्रात पहिले रुग्ण सापडले ९ मार्च २०२० ला, पुण्यात. तेव्हाच्या नियमाने कोविड रुग्णाला घरी सोडायला २४ तासांच्या अंतराने दोन निगेटिव्ह रिपोर्ट लागायचे. माणसं हिंडती-फिरती, खाती-पिती झालेली असायची, पण रिपोर्ट हटायचा नाही. पंधरा दिवस, वीस दिवस, कोणी महिनाभर अडकलेलं. ८ मे २०२० ला केंद्र सरकारने नियम बदलला: सौम्य लक्षणांचा रुग्ण लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवसांनी, शेवटचे ३ दिवस ताप नसेल तर, पुन्हा टेस्ट न करता घरी जाऊ शकतो. विज्ञानाच्या दृष्टीने हा शहाणपणाचा निर्णय होता. पण तो कोणी लोकांना नीट समजावला नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी त्या नियमाने घरी आल्या. सोसायटीत गहजब झाला. "टेस्ट न करताच सोडलं? म्हणजे बेड रिकामे करायला!" त्यांच्या दारापुढचा कचरा उचलायला कोणी तयार होईना. दूधवाल्याला पिशवी खालीच ठेवायला सांगण्यात आलं. जिन्यात त्या समोर आल्या तेव्हा मीही भिंतीला अंग चोरून उभी राहिले. तो त्यांचा सोळावा दिवस होता. आज मला ठाऊक आहे की त्या दिवशी आमच्या इमारतीत लागण देण्याची सर्वांत कमी शक्यता असलेल्यांत त्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. हा लेख लिहिण्यामागे ते एक मोठं कारण आहे.

आजारी पडण्याआधीचे तास

आता उताराची दुसरी बाजू, चढण. लागण देणं कधी सुरू होतं?

फ्लूमध्ये साधारणपणे लक्षणांच्या एक दिवस आधीपासून. कोविडमध्ये एक-दोन दिवस आधीपासून. गोवरात तर अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून. पुरळ दिसायच्या आधी ते मूल नाक गळतंय, डोळे लाल आहेत, खोकला आहे एवढंच घेऊन शाळेत आणि अंगणवाडीत जात असतं, आणि गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवर पसरला. दहा बाय दहाच्या खोल्यांमध्ये हे चार दिवस काय करू शकतात, ते तेव्हा दिसलं.

सगळे विषाणू असे वागत नाहीत. २००३ साली सार्स हा श्वसनाचा गंभीर आजार आला तेव्हा जगभर ८ हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि ७७४ जण गेले. पण जुलैपर्यंत ती साथ आटोक्यात आली, आणि तेही लशीशिवाय. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे त्या विषाणूचं वेळापत्रक. सार्सचा रुग्ण आधी आजारी पडायचा आणि लागण द्यायला लागायचा नंतर. श्वसनमार्गातला विषाणू लक्षणांच्या दहाव्या दिवसाच्या सुमारास शिगेला पोचायचा. तोवर माणूस अंथरुणाला खिळलेला असायचा. ताप असलेल्याला गाठून वेगळं ठेवलं की साखळी तुटायची. विमानतळावर ताप मोजण्याला तेव्हा निदान तर्काचा आधार होता.

त्याच अनुभवाच्या जोरावर २०२० मध्ये मॉलच्या दारात, देवळाच्या पायरीवर, सोसायटीच्या गेटवर थर्मल गन आली. कपाळावर, नाहीतर मनगटावर रोखायची, ९७ म्हणायची, आत सोडायचं. नव्या विषाणूचं वेळापत्रक मात्र उलटं होतं. नाकातला विषाणू लक्षणं सुरू होण्याच्या सुमारासच शिगेला असायचा. गेटवर ९७ आलेल्या माणसाला उद्या ताप येणार असेल, तर तो आजच लागण देत आत गेलेला असायचा.

या आधीच्या तासांचं वजन किती, यावर संशोधकांचे आकडे जुळत नाहीत, आणि ते का जुळत नाहीत हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत बोधक भाग वाटतो. २०२० च्या वसंतात चीनमधल्या रुग्णांच्या आणि कोणाकडून कोणाला लागण झाली अशा जोड्यांच्या नोंदींवरून गणित मांडलं गेलं. त्यात जवळपास ४४ टक्के प्रसार लक्षणांआधी होतो असा अंदाज निघाला.

मग लंडनमध्ये एक धाडसी प्रयोग झाला. ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या नाकात मोजून-मापून कोरोना विषाणूचा थेंब सोडला. त्यांतल्या १८ जणांना लागण झाली. रुग्णालयात एकांतात ठेवून त्यांचे नमुने रोज घेतले. विषाणू साधारण ४० तासांत घशात दिसला, त्यानंतर नाकात. नाकात तो घशापेक्षा कितीतरी जास्त वाढला. पाचव्या दिवसाच्या आसपास शिखर आलं आणि जिवंत विषाणू नाकातून सरासरीने दहाव्या दिवसापर्यंत मिळत राहिला. लक्षात घ्या, हे दिवस थेंब सोडल्यापासूनचे आहेत, लक्षणांपासूनचे नाहीत. पुढे त्यांच्या आसपासच्या हवेतला विषाणूही मोजला. तेव्हा दिसलं की हवेत सोडलेल्या विषाणूपैकी फक्त सात टक्क्यांच्या आसपास पहिलं लक्षण नोंदवण्याआधीचा होता.

४४ कुठे आणि ७ कुठे? मला त्याचं एक उत्तर 'लक्षण' या शब्दात दिसतं. लंडनच्या त्या तरुणांना दिवसातून तीन वेळा विचारलं जायचं: घसा कसा आहे, नाक कसं आहे, डोकं कसं आहे? त्यामुळे नुसती खवखवसुद्धा नोंदली गेली. आपल्या रोजच्या आयुष्यात ती खवखव लक्षण म्हणून मोजलीच जात नाही. "काल थंड पाणी प्यायले", "एसीत बसलो", "हवा बदललीये", "धूळ गेली असेल" असं म्हणून आपण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो आणि ऑफिसला, लग्नाला, भजनाला जातो. ताप चढला की म्हणतो, आज आजारी पडलो. डॉक्टरला तारीखही तीच सांगतो. म्हणजे 'लक्षणांआधी' दिलेली बरीचशी लागण ही न मोजलेल्या लक्षणांतली असणार.

हे एकदा पटलं की सगळा हिशेब बदलतो. शेवटचा दिवस कुठला यावर आपण खूप वाद घालतो. पहिल्या खवखवीच्या संध्याकाळी बारशाला न जाणं, हे दहाव्या दिवशी घरी बसण्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांना वाचवतं. आणि आपण नेमकं उलटं करतो. पहिल्या दिवशी अंगावर काढतो आणि पंधराव्या दिवशी खोकणाऱ्याकडे वळून बघतो.

त्या लंडनच्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हवेत मिळालेल्या एकूण विषाणूपैकी ८६ टक्के फक्त दोघांनी सोडला होता. त्या दोघांची लक्षणं इतरांपेक्षा गंभीर नव्हती. कोणाचं नाक किती विषाणू बाहेर टाकतं, हे चेहरा बघून कळत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० ला एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण होते. त्यांत एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या दिवसांत ५३ जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. बंद खोली, खुला गळा आणि चुकीचा दिवस, हे तिन्ही त्या संध्याकाळी एकत्र आले.

तर मग किती दिवस

सुरुवात झाली तो दिवस शून्य धरायचा. सुरुवात म्हणजे पहिली खवखव, पहिली कणकण. ताप चढला तो दिवस नव्हे.

फ्लूचा मोठा माणूस साधारणपणे आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस लागण देतो, आणि पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट. लहान मुलं त्याहून जास्त दिवस देतात, दहा किंवा अधिकही. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला आणि नाकाला रुमाल बांधलेलं सगळं शहर आपण पाहिलं, तेव्हा शाळा बंद ठेवण्यामागे हेच होतं. घरातल्या मुलाकडून आजी-आजोबांकडे जाणारी वाट शाळेतून सुरू होते.

कोविडबद्दल ब्रिटनमधल्याच घरगुती संपर्कांच्या एका अभ्यासात ५७ जणांचे रोजचे नमुने तपासले गेले. जिवंत विषाणू साधारण पाच दिवस मिळाला, पण सगळ्यांचे पाच दिवस एकाच वेळी सुरू होत नाहीत. लक्षणं सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी दोन-तृतीयांश लोक अजून लागण देण्याच्या स्थितीत होते. सातव्या दिवशी एक-चतुर्थांश. उतार असा दिसतो.

साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचे पहिले दोन-तीन दिवस जोराचे असतात, नंतर तो नाकात दोन-तीन आठवडे रेंगाळला तरी त्याला फारशी धार राहत नाही. आरएसव्ही नावाचा विषाणू मात्र घरात तान्हं बाळ असलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. मोठ्यांना त्याने नुसती सर्दी होते. तान्ह्यांच्या बारीक श्वासनलिका तो सुजवतो, छाती आत ओढली जाऊ लागते, दूध पिताना दम लागतो. त्याची लागण तीन ते आठ दिवस होते, आणि तान्ही बाळं व कमकुवत प्रतिकारशक्तीची माणसं ती चार आठवड्यांपर्यंतही देऊ शकतात.

हे सगळे आकडे धडधाकट माणसांचे. केमोथेरपी चाललेले, अवयवरोपण झालेले, रक्ताचा कर्करोग असलेले यांचा हिशेब वेगळा असतो, कारण उतारावरून विषाणूला खाली ढकलणारं सैन्यच तिथे तुटपुंजं असतं. वॉशिंग्टन राज्यातल्या रक्ताच्या कर्करोगाच्या एका ७१ वर्षांच्या बाईंच्या नमुन्यांतून पहिल्या पॉझिटिव्ह रिपोर्टनंतर ७० दिवसांपर्यंत जिवंत कोरोना विषाणू मिळाला. या काळात त्यांना कोविडचं एकही लक्षण नव्हतं. अशा रुग्णांच्या बाबतीत आपण घरी बसून दिवस मोजायचे नाहीत, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचं.

आता त्या भलत्या खुणा. ताप उतरणं ही चांगली खूण आहे, पण पॅरासिटामॉल घेऊन उतरलेला ताप मोजायचा नाही. गोळी थर्मामीटरचा आकडा उतरवते, विषाणूला हातही लावत नाही. गोळीशिवाय पूर्ण २४ तास ताप नाही आणि एकूण बरं वाटतंय, इथून पुढचा टप्पा सुरू होतो, संपत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने मार्च २०२४ मध्ये श्वसनाच्या सर्व विषाणूंसाठी हाच नियम केला: गोळीशिवाय २४ तास ताप नको, तब्येत सुधारत असावी, आणि त्यानंतरही पुढचे पाच दिवस मास्क, मोकळी हवा, अंतर असं जपायचं. मला हे पाच दिवस फार महत्त्वाचे वाटतात, आणि ते कोणीच पाळत नाही.

अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला म्हणून लागण संपली, असंही नसतं. ती औषधं जिवाणूंवर चालतात.

आणि खोकला. विषाणू निघून गेल्यावरही श्वासनलिकांचं अस्तर सोललेलं, हुळहुळं राहतं. थंड वारा, फोडणीचा धूर, मोठ्याने हसणं, काहीही पुरतं ढास लागायला. असा खोकला तीन ते आठ आठवडे राहू शकतो. पण खोकला दोन आठवड्यांहून लांबला, कफातून रक्त आलं, वजन घटलं किंवा संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला तर क्षयाची तपासणी करून घ्यायलाच हवी, आपल्या देशात ते विसरून चालत नाही. तरी आजारातून नीट उठलेल्या, ताप नसलेल्या माणसाचा तिसऱ्या आठवड्यातला कोरडा खोकला म्हणजे बहुतेक वेळा जत्रा उठल्यानंतरचं मैदान.

हातात टेस्ट असेल तर सुटकेसाठी आरटीपीसीआरपेक्षा घरी करायची, विषाणूची प्रथिनं शोधणारी अँटीजेन टेस्ट बरी. मे २०२१ मध्ये पुण्याच्याच मायलॅबने बनवलेल्या कोविसेल्फ किटला मान्यता मिळाली आणि ती घरोघर पोचली. ती फार थोडा विषाणू पकडू शकत नाही. म्हणूनच आजाराच्या पहिल्या दिवशी तिच्या निगेटिव्हवर विसंबायचं नाही. पण शेवटाला तिचा हाच कमीपणा कामाला येतो, कारण उरलेला कचरा तिला दिसत नाही. पाचव्या दिवसानंतर लागोपाठ दोन दिवस ती निगेटिव्ह आली तर लागण देण्याची शक्यता बरीच कमी झालेली असते.

त्या शुक्रवारी रात्री मी हे सगळं मावशीला सांगितलं नाही. तिला कुठला विषाणू झालाय हे आम्हाला माहीत नव्हतं. टेस्ट केलेली नव्हती. नुसत्या तापासाठी कोण करतं? म्हणून सगळ्यांत लांबचा हिशेब धरावा लागला. ताप मंगळवारचा. "घसा कधी धरला?" मी विचारलं. ती जरा आठवून म्हणाली, "सोमवारी रात्री जरा टोचत होतं." म्हणजे शून्य सोमवार. रविवारी होणार सहावा दिवस, आणि पाळण्यात बारा दिवसांचं पोर, ज्याच्या अंगातलं स्वतःचं सैन्य अजून कच्चंच. शिवाय मावशी नुसती येऊन बसणार नव्हती. पाळण्यावर वाकून, बाळाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून, पाच कडवी म्हणणार होती.

मी म्हटलं, "मावशी, या रविवारी नको. पुढच्या शुक्रवारी ये, अकरावा दिवस होईल. चार दिवस निवांत राहा." ती गप्प झाली. फोनवरचं ते गप्प होणं फार जड गेलं. तिला वाटलं असणार की आपल्याला ओवाळून टाकलं.

मग मी भाऊकाकांना फोन केला आणि त्यांना या म्हणाले. ते आले, खिडकीजवळ बसले, दोनदा ढास लागली, दोन्ही वेळा उठून गॅलरीत गेले. मी घुगऱ्यांची वाटी त्यांच्या हातात दिली तेव्हा दोन-तीन माना वळल्याच. चिनूला मात्र मी अडवलं नाही. त्याच्या आईला एवढंच विचारायला हवं होतं: काल रात्री तो जेवला का नीट, नाक चोंदलंय का, कुरकुरत होता का? नंतर कळलं की शनिवारी रात्री त्याने दूध अर्धं टाकलं होतं आणि "गळ्यात काहीतरी आहे" म्हणाला होता. सोमवारी संध्याकाळी ताप. पुढचे चार दिवस आम्ही बाळाचे श्वास मोजत होतो, बहीण रात्र-रात्र जागी. बाळाला काही झालं नाही. एक दिवस नाक चोंदलं, तेवढंच.

शुक्रवारी सकाळी मावशीचा फोन आला. एसटीत बसायच्या आधी तिने कालनिर्णयवर फुल्या मारून ठेवल्या होत्या. "सोमवार शून्य धरला तर आज अकरा भरतात ना गं? ताप नाही, गोळी नाही. खोकला आहे थोडा, तू म्हणालीस तो चालतो." चालतो, मी म्हणाले. दुपारी ती आली, हातपाय धुतले, तरीही पदर तोंडाला लावून पाळण्याशी बसली, आणि बारशात राहून गेलेली पाचही कडवी तिने म्हटली.